पडद्यावरून बैठकीत : एका संगणकीय खेळाचे रूपांतर

रूपांतर म्हटले की आपल्याला नाटक आठवते. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. देवलांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. आगा हश्र काश्मिरी यांनी 'किंग लिअर' उर्दू रंगभूमीवर 'सफेद खून' या नावाने आणले. पु. ल. देशपांडे यांची १९७५ ची 'ती फुलराणी' तर सर्वांच्या परिचयाची आहे. शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये माणसाच्या बोलण्यावरून त्याची पायरी ठरते. पु. लं. नी लंडनऐवजी मुंबई असे नुसते गाव बदलले असते तर ते नाटक उभे राहिले नसते. आपल्या समाजात बोलीवरून माणसाला नेमके कुठे खाली बसवले जाते, ती जागा त्यांनी शोधली. रूपांतर पारखायचे ते याच कसोटीवर, असे आमचे मत आहे. मूळ कृतीत दुखरी जागा कोणती, आणि रूपांतरकाराने आपल्या गावातली तशीच दुखरी जागा शोधली की नाही, एवढेच पाहायचे.

हे सांगण्याचे कारण असे की, आम्हांला इथे एका व्हिडिओ गेमच्या रूपांतराविषयी लिहायचे आहे. साहित्याच्या वार्षिकात हा विषय काहींना पोरखेळ वाटेल. पण ज्या मुलांना आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यातली पहिली मोठी गोष्ट पुस्तकात वाचली नाही, पडद्यावर खेळली. तिचे काय होते हे पाहणे समीक्षेच्या बाहेरचे काम नव्हे.

बैठकीचा खेळ

आधी दोन शब्दांचा खुलासा करायला हवा. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्यात चार-पाच जण एकत्र बसतात. एक जण प्रसंग सांगतो, त्याला आपण सूत्रधार म्हणू. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात आणि आपले पात्र काय करील ते तोंडाने सांगतात. कृतीचा निकाल जिथे संशयाचा असेल तिथे फासा टाकतात. एकच गोष्ट अनेक बैठका चालली की तिला मोहीम म्हणतात. बी.एड.ला आम्ही भूमिकाभिनय ही अध्यापनाची पद्धत शिकलो. तिचाच हा मोठा आणि मोकळा भाऊ समजावा. आम्ही याला 'बैठकीचा खेळ' म्हणतो.

दुसरा शब्द सायबरपंक. १९८० च्या दशकात इंग्रजी विज्ञानकथेत हा प्रवाह आला. विल्यम गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी १९८४ ची. या कथांत यंत्रे फार पुढे गेलेली असतात आणि माणसाचे जगणे फार खाली आलेले असते. कंपन्या सरकारपेक्षा मोठ्या होतात, आणि नायक बहुधा उधारीवर जगणारा कुणी भुरटा असतो. माइक पाँडस्मिथ या आफ्रिकी-अमेरिकी खेळकर्त्याने १९८८ मध्ये या जगाचा बैठकीचा खेळ बनवला. त्यावरूनच पोलंडच्या एका कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा गाजलेला व्हिडिओ गेम आणला.

म्हणजे प्रवास बहुधा बैठकीकडून पडद्याकडे झाला आहे. आम्ही ज्याविषयी बोलतो आहोत तो उलटा आहे. २००० सालच्या 'डेअस एक्स' या व्हिडिओ गेमची आम्ही बैठकीची मोहीम केली. गेल्या दोन उन्हाळी सुट्ट्यांत अंबरनाथला ती चालवली. खेळणारे पाच जण होते : दोन माजी विद्यार्थी, एक शिक्षिका, एक नर्स आणि उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात असलेला एक कटिंग मास्तर.

ऑस्टिनचे वर्तुळ

'डेअस एक्स' अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात तयार झाला. त्याचे दिग्दर्शक वॉरन स्पेक्टर १९८० च्या दशकात त्याच शहरातल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्स या बैठकीचे खेळ छापणाऱ्या कंपनीत कामाला होते. तरुणपणी ते ज्या बैठकीत वर्षानुवर्षे खेळले, तिचा सूत्रधार होता ब्रूस स्टर्लिंग, म्हणजे सायबरपंकचा एक प्रमुख लेखक. ही हकीकत स्पेक्टर यांनी स्वतः सांगितली आहे.

१ मार्च १९९० रोजी याच स्टीव्ह जॅक्सन गेम्सवर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने छापा घातला. संगणक जप्त झाले, आणि छपाईच्या वाटेवर असलेल्या एका सायबरपंक खेळाच्या पुस्तकाचा मजकूरही गेला. खेळाचे नियम सांगणारे ते पुस्तक संगणकीय गुन्ह्यांचे मार्गदर्शक ठरवले गेले. १९९३ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. स्टर्लिंगने या सगळ्या प्रकरणावर १९९२ मध्ये एक पुस्तकही लिहिले. कुणीतरी शिक्का मारतो, मग शिक्क्यावरून कारवाई होते, आणि खरे काय ते तीन वर्षांनी कळते. ज्या शहरात हे घडले, त्याच शहरात दहा वर्षांनी शिक्क्याविषयीचा हा खेळ तयार झाला.

खेळाचा कणा

खेळाची गोष्ट थोडक्यात अशी. साल २०५२. जगात 'ग्रे डेथ' नावाची साथ पसरली आहे. तिच्यावर 'अँब्रोझिया' हे औषध आहे, पण ते अपुरे आहे आणि बड्या लोकांनाच मिळते. नायक जेसी डेंटन संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादविरोधी दलात नवा भरती झाला आहे. पहिलाच हुकूम येतो : दहशतवाद्यांनी अँब्रोझियाचा साठा पळवला आहे, तो परत मिळवा. नायक निघतो. वाटेत मात्र त्याला चिठ्ठ्या सापडतात, ई-मेल वाचायला मिळतात, माणसे भेटतात, आणि हळूहळू ध्यानात येते की ज्यांना दहशतवादी म्हटले ते औषध गरिबांपर्यंत नेत होते. ज्या दलाची वर्दी त्याने घातली आहे, तेच साथ पसरवणाऱ्यांच्या ताब्यात आहे.

या खेळाची कीर्ती मोकळिकीसाठी आहे. दार फोडा, कुलूप उघडा, संगणकात शिरा, हवेच्या नळीतून सरपटत जा, नाहीतर पहारेकऱ्याशी बोलून वाट काढा. विमानात लेबेडेव्ह नावाचा निःशस्त्र माणूस समोर येतो, आणि त्याला मारण्याचा आग्रह सहकारी ॲना नॅव्हार धरते. तिथे तुम्ही त्याला मारू शकता, तिला मारू देऊ शकता, किंवा उलट तिलाच थांबवू शकता. पुढे नायकाच्या भावाच्या, पॉलच्या, खोलीवर छापा पडतो. पॉल म्हणतो, तू खिडकीतून निघून जा. बहुतेक खेळाडू जातात आणि पॉल मरतो. थांबून लढणारा आणि पुढच्या दाराने बाहेर पडणारा भावाला वाचवू शकतो. पण हे शक्य आहे असे पडद्यावर कुठेही लिहिलेले नाही. आमच्या पिढीतल्या कित्येकांना ते वर्षानुवर्षांनी कुणाकडून तरी कळले.

हे सगळे थोर आहे. तरीही एक जागा अशी आहे जिथे खेळ तुमचे काहीही ऐकत नाही. नायकाने दल सोडलेच पाहिजे. बंडखोरांचा संदेश पाठवल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, आणि तो पाठवला की तुम्ही दलाचे शत्रू. कसे जायचे हे तुम्ही ठरवता, कुणाच्या बाजूने जायचे हे लेखकाने आधीच ठरवलेले आहे. शेवटी तीन निवडी मिळतात खऱ्या, पण सद्‌सद्विवेकाची जी पहिली आणि सगळ्यांत अवघड निवड होती, ती तुमच्या वतीने होऊन गेलेली असते. शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर खेळाजवळ 'अपेक्षित उत्तर' तयार आहे.

लौह आणि मजलिस

उर्दूच्या वाचकाला हा पेच नवा वाटू नये. 'तिलिस्म-ए-होशरुबा' लखनौच्या नवल किशोर प्रेसमधून १८८३ पासून छापले जाऊ लागले. पहिले खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, नंतरचे अहमद हुसेन कमर यांचे. तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेले जग. त्याला स्वतःचे नियम असतात, दारे असतात, पहारे असतात, आणि ते तोडण्याची युक्ती एका पाटीवर, 'लौह'वर, लिहिलेली असते. ते कुणाच्या हातून तुटणार हेही आधीच ठरलेले असते. होशरुबा तुटायचे ते हम्जाच्या नातवाच्या, असदच्या हातून. अमर अय्यारजवळ काहीही मावेल अशी जंबील आहे आणि पांघरले की दिसेनासे करणारी गिलीम आहे. 'डेअस एक्स'च्या नायकालाही सामानाची पेटी आहे आणि अदृश्य होण्याची विद्या आहे. व्हिडिओ गेम हा आजचा तिलिस्म आहे असे म्हटले तर ते उपमेपुरते राहत नाही, रचनाही तीच आहे.

पण दास्तान छापण्याआधी सांगितली जात होती. दास्तानगो मजलिशीत बसायचा, श्रोत्यांचा रंग पाहून युद्ध लांबवायचा, अय्यारी वाढवायचा. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले आणि ती परंपरा खंडित झाली. शम्सुर रहमान फारुकी यांच्या मार्गदर्शनाने महमूद फारुकी यांनी २००५ मध्ये ती पुन्हा सुरू केली. छापील तिलिस्मात लौह पक्की असते, मजलिशीत सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात काहीतरी सुटे राहते. बैठकीचा खेळ त्या सुट्या भागाला आणखी सोडतो. इथे श्रोताच उठून म्हणतो, मी या दाराने जाणार नाही.

म्हणून पडद्यावरचा खेळ बैठकीत आणायचा तर लौह फोडावी लागते. रूपांतरकाराची पहिली जबाबदारी हीच आहे.

आपला पट्टा

सायबरपंक म्हटले की बहुतेकांना निऑनचे दिवे, पाऊस आणि उंच इमारती सुचतात. अशी सजावट आमच्या पट्ट्यावर चढवणे सोपे होते. कॅम्प नंबर पाचला न्यूयॉर्कचे नाव द्यायचे की संपले. आम्ही ते टाळले, कारण मूळ खेळाची दुखरी जागा दिव्यांत नाही. ती आहे टंचाईत : जगायला लागणारी वस्तू कुणाच्या ताब्यात आहे, आणि ती पळवणाऱ्याला काय नाव दिले जाते.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते गावाची पायाभरणी झाली. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद सर्वांना ठाऊक आहे. त्यामागे उघड्यावर आलेल्या माणसांनी हाताच्या कसबावर उभा केलेला बाजार आहे. अंबरनाथला इ. स. १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर, एके काळचा विम्कोचा काडेपेटीचा कारखाना, आयुध निर्माणी आणि रसायनांची एमआयडीसी. मंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरातून जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये या नदीत कुणी ओतलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. मे २०२१ मध्ये उल्हासनगरातच दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. बदलापूरजवळ जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पुरात अडकली. त्याच बदलापूरजवळ बारवी धरण आहे. म्हणजे एका बाजूला गाडी पाण्यात बुडते आणि दुसऱ्या बाजूला चाळीत टँकरची वाट पाहिली जाते.

तेव्हा आमच्या मोहिमेत अँब्रोझियाच्या जागी पाणी आले. काळ पन्नास वर्षांनंतरचा. धरण एका काल्पनिक कंपनीकडे गेले आहे, नदीचे पाणी पिण्यासारखे राहिलेले नाही, आणि टँकरच्या पावत्या नोटांसारख्या चालतात. नायकाच्या दलाचे नाव जलरक्षक दल. हवेच्या नळ्यांऐवजी आमच्या पात्रांना अर्धवट रिकाम्या केलेल्या धोकादायक इमारती मिळाल्या. तिथे वरच्या मजल्यावर पाय ठेवताना पहारेकऱ्याइतकीच छताची भीती असते. लेबेडेव्हचे विमान गेले आणि काटई-बदलापूर रस्त्यावर पाइपलाइनच्या कडेला उभा असलेला टँकर आला. केबिनमध्ये एक निःशस्त्र माणूस हात वर करून बसला आहे. पॉलच्या जागी आम्ही मोठी बहीण घेतली. तिला सगळे आपा म्हणतात, ती दलातच आहे, आणि भरती झालेल्यांना तिनेच शिकवले आहे.

मूळ खेळातले एक पात्र मात्र आम्हांला जवळजवळ न बदलता घेता आले. गुंटर हर्मन हा जुन्या पद्धतीचे यांत्रिक हातपाय बसवलेला सैनिक. नव्या पोरांच्या अंगात सूक्ष्म यंत्रे आहेत आणि ती बाहेरून दिसतही नाहीत. गुंटरला कळून चुकले आहे की आपण जुने झालो. शीतपेयाच्या यंत्राने संत्र्याऐवजी लिंबाची बाटली दिली तरी त्याला त्यात कट दिसतो. खेळाडू हसतात. पण कारखान्यात वीस वर्षे काढून नव्या यंत्रामुळे घरी बसलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला गुंटर विनोदी वाटत नाही. आमच्या कटिंग मास्तरांनी तर त्याच्याशी लढायला नकार दिला आणि त्याला चहा पाजला.

फासा, चिठ्ठ्या आणि माणुसकी

नियमांचेही रूपांतर करावे लागते. पाँडस्मिथच्या खेळात पात्राचा अंगचा गुण, त्याचे कौशल्य आणि दहा बाजूंचा फासा यांची बेरीज ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहतात. पद्धत साधी आहे, ती आम्ही घेतली. अडचण फाशाची. आपल्या अनेक घरांत फाशाला मज्जाव आहे, त्याचा जुगाराशी असलेला संबंध नको असतो. आम्ही एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. इथे एक गंमत ध्यानात येते. काढलेली चिठ्ठी परत टाकली तर डबा फाशासारखाच वागतो. परत टाकली नाही तर दहा वेळांत प्रत्येक आकडा एकदा आणि एकदाच येतो. लागोपाठ वाईट आकडे निघाले की सगळ्यांना कळते, आता चांगलेच उरले आहेत. मग गडी धाडसाची कामे राखून ठेवू लागतात. आमच्या बैठकीने चिठ्ठी परत टाकायची असे ठरवले. नर्सबाईंचे म्हणणे असे की, वॉर्डात वाईट दिवसानंतर चांगला दिवस देणे लागतो असे कुणी लिहून दिलेले नसते.

दुसरा एक नियम मात्र आम्ही सरळ वगळला. १९९० च्या 'सायबरपंक २०२०' या आवृत्तीत शरीरात यंत्र बसवले की पात्राची माणुसकी आकड्यांनी कमी होते, आणि ती संपली की ते पात्र वेडे होऊन सूत्रधाराच्या हाती जाते. यामागचा विचार समजतो : शरीर विकत घेण्याची चटक माणसाला कुठे नेते, हे त्यात दाखवायचे आहे. पण ज्या पट्ट्यात प्रेसवर बोटे गेलेली माणसे शेजारी राहतात, तिथे कृत्रिम हात बसवला म्हणून माणुसकी घटली असे म्हणणे आम्हांला रुचले नाही. आमच्याकडे माणुसकीचा आकडा यंत्राने कमी होत नाही, यंत्राचे हप्ते फेडण्यासाठी जे करावे लागते त्याने होतो. मूळ विचारापासून आम्ही फारसे दूर गेलो असे वाटत नाही.

भाषेचा प्रश्न

'डेअस एक्स' आमच्या पिढीने कॅम्पातल्या सायबर कॅफेत खेळला तो बहुधा संवाद न वाचता. त्यातली सगळी शंका इंग्रजी ई-मेलमध्ये, वर्तमानपत्रांच्या कात्रणांत आणि लांबलचक बोलण्यात भरलेली आहे. ज्याला ते वाचता येत नाही त्याच्यासाठी हा खेळ म्हणजे वर्दी घालून दहशतवाद्यांना गोळ्या घालणे एवढाच उरतो. अर्थाची बाजू भाषेच्या कुलपात राहते. रूपांतराची गरज इथे सगळ्यांत जास्त आहे, आणि बैठकीने ते कुलूप उघडते. आमच्या बैठकीत दलाचे हुकूम शुद्ध सरकारी मराठीत येतात, बाजारात हिंदी चालते, आपा उर्दूत बोलते, आणि कंपनीचे अधिकारी इंग्रजी मिसळून बोलतात. कोण कुठली भाषा कधी सोडतो यावरून खेळाडू माणूस ओळखू लागले. हे मूळ खेळात नव्हते, आमच्या गावात होते.

'नावे काय त्यांची?'

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पहिल्या हुकुमात आम्ही 'दहशतवादी' हा शब्द तसाच ठेवला. पाणीचोर, उपद्रवी असे सौम्य शब्द सुचत होते. पण ऑस्टिनमध्ये हा शब्द लिहिणाऱ्याला त्याचे जे वजन होते, ते आमच्या बैठकीत पाचपट आहे, आणि तेच आम्हांला हवे होते. हुकूम वाचून दाखवला : बारवीच्या वाहिनीवरील झडपा दहशतवाद्यांनी फोडल्या आहेत, टँकर परत आणा. किती जण आहेत, हत्यारे कोणती, हे कुणीही विचारले नाही. पहिला प्रश्न आला तो, "नावे काय त्यांची?" हुकुमात नावे नाहीत असे सूत्रधाराने सांगितले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. बातमी ऐकताना आधी नाव ऐकायचे आणि मग जीव भांड्यात पडतो की नाही ते पाहायचे, ही सवय आपल्याला कशी लागली ते वाचकांना सांगायला नको.

पुढे खेळाचा तो पक्का वळसा आला. आपाने सांगितले की दल कंपनीचे आहे, आता बाहेर पडा. पडद्यावर इथे निवड नाही. बैठकीत चौघे बाहेर पडले. पाचवा गडी, आमचा एक माजी विद्यार्थी, पोलीस भरतीची तयारी करतो. तो म्हणाला, "मी नोकरी सोडणार नाही. सरकारी आहे." सगळे हसले. तो हसला नाही. ज्यांना दुसरे दार आहे त्यांनी दार आपटून जावे, असे त्याचे म्हणणे. आपण आत राहणार आणि टँकरचे रजिस्टर पाहणार.

मूळ खेळात पुढे नायक पकडला जातो आणि दलाच्या इमारतीखाली असलेल्या गुप्त तुरुंगात जागा होतो. आमच्या टाचणात आपासाठी तो तुरुंग तयार होता. चौथ्या बैठकीत तिला पकडण्याचा हुकूम या आत राहिलेल्या गड्याच्याच हाती आला. बाकीच्यांना वाटले, आता तरी हा तिला सोडील. त्याने सोडले नाही. त्याने तिला अटक केली, वेळ घालून डायरीत नोंद केली, वकिलाला निरोप दिला आणि सूत्रधाराला बजावले की घटनेच्या कलम २२ प्रमाणे चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे लागेल. जिची नोंद झाली तिला तळघरात गडप करता येत नाही. आमचा तुरुंग रिकामाच राहिला.

त्याचे वागणे बरोबर की चूक यावर बैठकीत वाद झाला आणि तो मिटलेला नाही. नर्सबाईंच्या मते कागदावर एवढा भरवसा ठेवणे धोक्याचे, कारण डायरीची पाने फाडली जातात. शिक्षिकाबाईंच्या मते फाडायला का होईना, आधी पान असावे लागते. समीक्षक म्हणून आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की, 'डेअस एक्स'सारख्या उत्तम खेळातही या कृतीला जागा नाही. तिथे वर्दीतला माणूस एक तर आंधळा असतो किंवा बंडखोर होतो. हिंदी सिनेमाने मुसलमान पात्रालाही बहुधा असेच दोन साचे दिले : जीव देणारा निष्ठावान मित्र किंवा बाँब ठेवणारा. दोन्हींत बाजू दुसऱ्याने ठरवलेली असते. वर्दीत राहून नियमाचा आग्रह धरणारा, भेकड आहे की शूर हे लगेच सांगता न येणारा तिसरा माणूस त्या साच्यांत मावत नाही. आमच्या बैठकीत तो एका मुलाने स्वतः उभा केला. सूत्रधाराने टाचण बाजूला ठेवले, म्हणून तो उभा राहिला.

रूपांतरात गमावलेही पुष्कळ. मूळ खेळात एकटेपणा आहे. रात्री सुनसान धक्क्यावर हलके संगीत चालू आहे, दुसऱ्याची पत्रे वाचत आपण एकटेच बसलो आहोत, ही भावना पाच जणांच्या चहापाण्यात टिकत नाही. खिडकी की दार हा प्रश्नही बैठकीत गुप्त राहत नाही, कारण कुणीतरी "थांबायचे का?" असे विचारतोच. आमच्या बैठकीत दोघे थांबले, तिघे खिडकीतून गेले, आणि पुढे कितीतरी वेळ त्या तिघांना बोलणी खावी लागली. पडद्यावर जो पश्चात्ताप एकट्याचा होता तो इथे चारचौघांतला झाला. दोन्हींची चव वेगळी आहे, आणि मूळ खेळाची चव आम्हांला देता आली असा दावा आम्ही करणार नाही.

पण ज्यांना मुलांबरोबर असे काही करून पाहायचे आहे त्यांना एक सांगावेसे वाटते. खर्च जवळजवळ नाही : वही, पेन्सिल, दहा चिठ्ठ्या आणि एक डबा. गोष्ट मुलांच्या आवडीच्या कुठल्याही खेळाची घ्यावी, गाव आपले घ्यावे, आणि त्या गावात कशाची टंचाई आहे हे मुलांनाच विचारावे. ते आपल्यापेक्षा अचूक सांगतात. एवढे झाले की सूत्रधाराने उत्तर जवळ ठेवू नये. शिक्षकाला ही गोष्ट सगळ्यांत जड जाते. येत्या सुट्टीत मोहिमेचा पुढचा भाग आहे. आपाला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करायचे आहे, आणि मॅजिस्ट्रेटची भूमिका कटिंग मास्तरांनी मागून घेतली आहे.